बारा मिनिटांत लग्न

दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. ड्रॉवरमधल्या जुन्या चार्जरसारखे. कुठला कशाचा, ते नंतर कळत नाही! मी आणि शकीलभाई औरंगपुऱ्यात लग्नांचं शूटिंग करायचो. आता आम्हीच दिलेल्या डीव्हीडी लोक परत आणतात, कारण घरचा प्लेअर भंगारात गेलेला असतो. "पेनड्राइव्हवर टाकून द्या," एवढंच म्हणतात.

*

एका डिस्कला दीड तास लागायचा. मग शकीलभाईंनी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. बारा मिनिटांत डिस्क बाहेर!

माझा विश्वास बसेना. फुकटात इतक्या लवकर कोण काम करतं? मी खुर्ची ओढली आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न तपासलं. तोवर शकीलभाई जेवून आले.

"यार, सव्वा तास वाचला म्हणून तीन तास बघत बसला?"



*

एका निवृत्त शिक्षिकाबाईंना मी पंधराव्या मिनिटाला पेनड्राइव्ह दिला. त्यांनी तो चष्म्यातून उलटसुलट बघितला.

"एवढ्यात? सावकाश करा, मला घाई नाय!"

तेव्हापासून तयार पेनड्राइव्ह दोन दिवस ड्रॉवरमध्ये पडून राहतो. परवा बाईंची शेजारीण आली. म्हणाली, "तुमचं काम लई नीट असतं म्हणं." आता आम्ही जलद आहोत की सावकाश, आमचं आम्हालाच कळत नाही.

*

हुरूप आला आणि आम्ही डिस्क वाचणारे तीन ड्राइव्ह जोडून तीन लग्नं एकदम लावली. आमच्या सगळ्या डिस्कचं नाव एकच, 'शुभविवाह'. सॉफ्टवेअरनं फायलींनाही तेच दिलं. कुठली कुणाची?

अंदाजानं वाटल्या. आठवड्यानं वैजापूरहून फोन आला.

"भाऊ, दोनदा बघितलं, पण आमचे मामा कुठंच दिसंनात!"

"आणि नवरदेव?"

"तो मुंडावळ्यात. तो आमचाच असंल असं धरून चाललो."

*

मग गंगापूरहून कदमकाका आले. मुलीच्या लग्नाची डिस्क, शूटिंग आमचंच. काकू मागच्या वर्षी गेल्या. काकांकडे त्यांचे फोटो ढीगभर, पण आवाज कुठंच नाही.

"तिचा आवाज तेवढा काढून द्या."

बारा मिनिटांत कॉपी झाली. लावली. काकू हसतात, बोलतात, कुणाला तरी रागावतात, आणि वर सिनेमाची गाणी! ती आम्हीच टाकलेली. तेव्हा तशीच पद्धत होती. मूळ आवाज पुसायचा आणि गाणं चढवायचं. मला मान वर करवेना.

"गाणं जरा बंद करा की," काका म्हणाले. ते बंद होत नसतं, हे त्यांना कसं सांगायचं?

शकीलभाई सॉफ्टवेअरमध्ये खुडबुड करत होते. लवकर उरकावं म्हणून सॉफ्टवेअर डिस्कवरचा सगळ्यात मोठा भाग तेवढा उचलायचं. बारीकसारीक तुकडे सोडून द्यायचं. सेटिंगमधली 'फक्त मोठा भाग' ही खूण काढली, तर खाली चार मिनिटांचा एक तुकडा दिसला. कधी टाकला होता, दोघांनाही आठवेना. पण डिस्कवर नेमका तिथंच ओरखडा! सॉफ्टवेअर पुढं सरकेना. काका चहा नको म्हणत संध्याकाळपर्यंत स्टुलावर बसून राहिले.

अखेर तुकडा निघाला. मांडवातला गलका, भांड्यांचा आवाज, गाणं नाही. हिरव्या शालूतल्या काकू थेट कॅमेऱ्याकडे बघत म्हणाल्या,

"अहो, बाजूला सरका की जरा! पोरगी दिसंना तुमच्यामुळं."

काका गडबडीनं उठले आणि स्टूल उचलून बाजूला जाऊन बसले.