बाहीखालची बांगडी

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर चुका पोटात घालाव्यात.

अकोल्याबाहेरच्या कारखान्यात मी कोंबडी कापायच्या टेबलावर आहे. आत जाताना बांगड्या, टिकली, सगळं डब्यात काढून ठेवायचं. काच मांसात गेली तर माल गेला, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सासूला ते पटत नव्हतं. "माहा पोरगा जित्ता हाय, अन् तू भुंड्या हातानं कोंबड्या कापतं? मारतं का त्याले?" रोज सकाळी ती स्वतः माझ्या डाव्या मनगटात एक हिरवी बांगडी चढवायची आणि वरून चिंधी आवळायची. संध्याकाळी गाठ तपासायची.

त्या दिवशी पुण्याहून तपासणीच्या बाई येणार होत्या. सकाळी नळावर हंडा उचलताना मनगट दगडावर आपटलं आणि चिंधीत कट्ट वाजलं. सासू समोर उभी, ऑटोवाला हाका मारत होता. मी तशीच गेले.

बाईंनी सगळ्यांना बाह्या वर करायला लावल्या. माझी चिंधी सोडली तर अर्धीच बांगडी निघाली.

"उरलेली कुठे आहे?"

घरी फुटली, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. परक्या माणसापुढे माझं असंच होतं.

"बोल ना वं!" सुपरवायझर ओरडला. "जीभ बी डब्यात ठेवून आली काय?"

सगळ्या हसल्या. बाईंनी थोडी वाट पाहिली, मग वहीत लिहिलं. सकाळपासूनचा सगळा माल खड्ड्यात गेला. क्रेट माझ्याच हातानं ओतायला लावले, वर चुनाही मीच टाकला.

घरी आले तर नळाच्या दगडाशी उरलेला तुकडा पडला होता. दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून कारखान्याच्या मालकाकडे नेला.

"आता चिकटवून दाखवतं काय?" तो म्हणाला. "जाय, खड्ड्यातून माल काढून आण."

मालाची किंमत माझ्या पगारातून दर महिन्याला कापायची ठरली. पगार कमी का, म्हणून सासूनं विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

"मी म्हटलं होतं काय फुटकी घालून जाय म्हून?"

टेबलावरच्या बाया मला अजून चुना म्हणतात.

दोन दिवाळ्या गेल्या. या महिन्यात शेवटचे पैसे कापले. सुपरवायझरनं माझ्यासमोर कागदावर आडवी रेघ मारली.

"फिटलं वं चुना. एक रुपया नाही राहिला."