कारणाचा रकाना

फोन वाजला तेव्हा मी अंथरुणातच होते. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं, नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर आणि मोजणी एकतिसावर आलेली. पलीकडे मेघना होती, कारखानीस बाईंची भाची. "वैशालीताई, मावशी गेली... पहाटे." त्या दिवशीची मोजणी अर्धीच राहिली. अर्ध्या मिनिटाचे ठोके मोजून दुप्पट करणं बाईंना मुळीच चालत नसे, त्यामुळे तो आकडा मी कुठे लिहिला नाही.

बाई पळस्पे फाट्याजवळच्या आमच्या शाळेत खेळ शिकवत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवीन पनवेलहून स्कूटीवर येत, साडीचा पदर कमरेला खोचत आणि आम्हा कबड्डीच्या पोरींना मैदानात उतरवण्याआधी एकेकीची चिठ्ठी मागत. चिठ्ठीत दोनच गोष्टी असायच्या, सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी आणि तिचं कारण. मोजायची केव्हा, तर पाय जमिनीला लागायच्या आधी, चहाच्या आधी आणि आईने पहिली शिवी घालायच्या आधी. अंगठा लावायचा नाही, कारण त्याची स्वतःचीच नाडी उडते. पोरी सुरुवातीला फार हसल्या. आमच्या गावात नाडी बघायची म्हणजे माणूस शेवटच्या घटका मोजत असतो, अशीच समजूत होती.

त्यात एकीचे बासष्ट आले की अठ्ठ्याहत्तरवाली रडकुंडीला यायची. बाई म्हणत, "शेजारणीच्या आकड्याशी तुझं काय काम? तुझा आजचा आकडा तुझ्याच कालच्या आकड्याशेजारी ठेव." चार-दोन ठोके इकडेतिकडे होणारच, नाडी म्हणजे काही भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. आठ-दहा वाढले आणि दोन-तीन दिवस तसेच राहिले, तर मात्र मला येऊन सांगायचं... असा त्यांचा नियम. कारणाच्या रकान्यात आम्ही काय काय लिहायचो! उकाडा. गणिताचा पेपर. काकाच्या हळदीत नाचले. पाळी यायच्या आधी आकडा जरा चढतो, हेही बाईंनीच सांगितलं, तेही मैदानात उभं राहून, वांग्याचा भाव सांगावा इतक्या सहज. एकदा एकीने लिहिलं, "आईबाबा भांडले." त्या दिवशी बाईंनी तिला पळवलं नाही, स्वतःशेजारी बसवून गुण लिहायला दिले. दुसरं काही विचारलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. दहावीच्या वर्षी मी संघाची कप्तान होते आणि अलिबागला जिल्ह्याचा अंतिम सामना होता. आठवडाभर आधी माझं अंग मोडून यायला लागलं. मी तापाच्या गोळ्या घेऊन दिवस काढत होते. गोळीने अंग गार व्हायचं, पण सकाळची नाडी काही खाली येईना. चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, नव्वद. माझी एरवीची सहासष्टच्या आसपास. म्हणून मी सरळ सहासष्ट लिहून टाकलं. सहा दिवस.

सातव्या दिवशी बाईंनी वही उघडली. सगळ्यांच्या चिठ्ठ्या त्या तिच्यात उतरवून ठेवत. "सहा दिवस सहासष्ट? वैशाली, ही नाडी आहे की घर नंबर?" मला जांभळाखाली बसवलं, पाच मिनिटं गप्प ठेवलं आणि घड्याळ बघत पूर्ण मिनिट मोजलं. मग पुन्हा पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव. "तू खेळणार नाहीस," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोन गुणांनी हरलो. माझे वडील तणतणत शाळेत आले. "बाई, माझी पोर धडधाकट हाय. तुमी नुसती बोटं लावून आजार काढता?" मुख्याध्यापकही बाईंवर उखडलेले. मी दारात उभी होते. बाईंनी फक्त एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, पाटील, तुमच्या मुलीने सहा दिवस खोटं लिहिलं. त्या म्हणाल्या, "निर्णय माझा होता. चुकला असेल तर मी चुकले." पुढे रक्त तपासलं तेव्हा मलेरिया निघाला. वडिलांनी माफी काही मागितली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हे. पण मरेपर्यंत रोज सकाळी विचारायचे, "आज किती आला गो?" मीही माफी मागितली नाही. लाजेपायी आधी राहिलं, मग नोकरी, लग्न, आणि राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात भेटायला गेले. बाईंचा आवाज अगदी खोल गेला होता. हात पुढे करून म्हणाल्या, "मोज." मी पूर्ण मिनिट मोजलं. एकशे बारा. म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी, बाई." त्या हसल्या. "अजून खोटंच लिहितेस..." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी चादर नीट केली आणि निघून आले.

तेराव्याला मेघनाने ती वही माझ्या हातात ठेवली. मावशीने तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवली होती, म्हणाली. माझं पान सापडलं. एकाखाली एक सहा वेळा सहासष्ट. त्यांच्यावर काट नव्हती, लाल शाई नव्हती. त्या सहा चिठ्ठ्यांत मी कारण लिहिलंच नव्हतं, पण शेजारच्या रकान्यात सहाही ओळींना मिळून बाईंनी बारीक अक्षरात पेन्सिलीने कारण लिहिलं होतं: "खेळायचं होतं."

मला वाटत होतं, माझ्यावर खोटेपणाचा शिक्का बसलाय. बाईंनी त्याच दिवशी कारण शोधून पान उलटलं होतं.

आज सकाळी उठल्याउठल्या मोजली. पूर्ण मिनिट, चहाच्या आधी. एक्याऐंशी. तीन आठवडे झाले, उतरायला तयार नाही. बाईंच्या वहीत, त्या सहा ओळींच्या खाली तो आकडा लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "माफी मागायची होती." आकडा खरा आहे, बाई.