मागच्या रांगेला पाणी कोण घालतं?

आमच्या समोरच्या दाराआड जी मुलगी राहते तिला सगळी इमारत धांदल म्हणते. तिच्या तोंडावर नव्हे अर्थात. तोंडावर ती ‘बाळा’, आणि पाठ वळली की धांदल. विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते, एमएस्सीचं शेवटचं वर्ष. सकाळी घरातून निघताना तिच्या अंगावरची एक तरी वस्तू चुकलेली असते. कधी पायात दोन वेगळ्या जोड्यांमधल्या चपला, कधी प्रयोगशाळेतला पांढरा कोट उलटा. एकदा तर तोंडात ब्रश तसाच ठेवून बसस्टॉपपर्यंत गेली होती. बसमध्ये चढताना कंडक्टरनेच विचारलं म्हणे, की ताई, चूळ कुठे भरणार?

पण तिचंही बरोबर आहे. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, त्यानंतर पहिल्या वर्षाच्या पोरांना सूक्ष्मदर्शक कसा धरायचा ते शिकवणं, मग ग्रंथालय. जेवण हे तिच्या मते उभ्याने आणि चालता चालता करायचं काम. घरी येते ती वह्या पोटाशी धरून, आणि दार उघडून आत जाताना किल्ली कुलपालाच ठेवते.

ती किल्ली मग मी काढून तिच्या आईकडे देते. तिने चालू ठेवलेला गॅस आई बंद करते. फोन चार्जिंगला वडील लावतात. दार उघडं राहिलं तर आमचे हे जाता-येता ओढून घेतात. तिला कुणी काही सांगत नाही. आधीच एवढं डोक्याला काम, त्यात आपली भर कशाला? त्यामुळे धांदलचा अगदी ठाम समज होता की आपण फार व्यवस्थित आहोत.

तर या वर्षी विद्यापीठातल्या काचघराचं छप्पर दुरुस्तीला निघालं आणि धांदलचा शेवटच्या सत्राचा प्रयोग आमच्या दारात आला. दोघांच्या दारांमधल्या मोकळ्या जागेत एक मोठी खिडकी आहे, दिवसभर ऊन येतं. तिथे बाकावर तिने घेवड्याच्या रोपांच्या कुंड्या मांडल्या. दोन रांगा, पुढची आणि मागची. शेजारी पाण्याची बादली, एक मग आणि ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी. आम्हा सगळ्यांना बाहेर बोलावून तिने प्रयोग समजावूनही सांगितला. फक्त बस चुकत होती. त्यामुळे पहिलं वाक्य तिने आमच्या मजल्यावर म्हटलं, दुसरं जिन्यात, आणि बाकीचा प्रयोग खालच्या मजल्यावरच्यांना कळला असावा. आमच्या वाट्याला आलं ते एवढंच: “रोज पाणी मी घालणार आहे, पुढच्या रांगेला…”

पुढे सगळं छान चाललं होतं. एक दिवस पाहते तर धांदल पायरीवर बसलेली, मांडीवर स्वयंपाकघरातला वजनकाटा, काट्यावर कुंडी. ही मुलगी बसलेली दिसणं हीच मुळात काळजीची गोष्ट.

“काकू, उपाशी माणसाचं वजन वाढतं का?”

“माझं वाढतं.”

“चेष्टा नको हो. मागच्या रांगेला मी पाणी देतच नाहीये. मुद्दाम. हे वाण पाण्यावाचून किती तग धरतं तेच बघायचंय. रोज कुंडी हलकी व्हायला हवी, पानं माना टाकायला हवीत. आणि ही बघा.”

मी बघितलं. मागची रांग अशी टवटवीत होती, जणू माहेरपणाला आली होती.

“मग तुझं वाण चांगलं असेल.”

“माझ्या मॅडमना मी तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘एक तर तू इतिहास घडवला आहेस, नाही तर कुणीतरी पाणी घालतंय. मला इतिहासाचा भरवसा वाटत नाही.’” तिचा आवाज बारीक झाला. “काकू, सत्र संपायच्या आत पुन्हा एकदाच पेरता येईल, एवढाच वेळ आहे. ते बिघडलं तर प्रोजेक्ट पुढच्या सत्रात. आणि संशोधन संस्थेत मिळालेली जागा तोवर कुणी माझ्यासाठी धरून बसणार नाही.”

एवढ्या विश्वासाने कुणी आपल्याला काही सांगितलं की मला राहवत नाही. म्हटलं, चोर मी शोधून देते. तसा माझा संशय आधीच ठरलेला होता. तिची आई. ती बाई दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या फुलांनाही पाणी शिंपडते, मी डोळ्यांनी पाहिलंय. तळमजल्यावरच्या बाईंना मी हे अगदी आपल्यापुरतं म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत ते फिरून तिच्या आईच्या कानावर गेलं, आणि तिने माझ्याकडून नेलेलं पातेलं न बोलता दारात आणून आदळलं.

माझं डोकं चालेना, तसं धांदलने स्वतःचं चालवलं. प्रयोगशाळेतून एक भुकटी आणली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी नीट दिसाव्यात म्हणून त्या रंगवतात, ती. कोरडी असताना चिमूटभर दिसतही नाही, पाणी लागलं की गडद जांभळी, आणि हाताला बसली की लवकर जात नाही. ती तिने मगाच्या कानाला आतून चोळली. “ही रोपं तशीही वाया गेली,” म्हणाली आणि बस पकडायला पळाली. या वेळी पायात चपला एकाच जोडीतल्या होत्या. म्हणजे मामला गंभीर होता.

दुपारी आमचे हे चहाला बसले. कप डाव्या हातात.

“उजवा हात कुठाय?”

“आहे की.”

“कुठे?”

“खिशात.”

“लेंग्याला खिसा कधीपासून आला?”

तेवढ्यात बेल वाजली. दारात धांदलचे वडील, उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला. “वहिनी, डाग घालवायचं काही आहे का तुमच्याकडे? नाही म्हणजे, शर्टाला पडलाय.”

“शर्ट आणा की मग.”

“शर्ट… धुवायला टाकलाय.”

मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं, हे त्यांच्याकडे पाहत होते, ते टॉवेलकडे. मग दोघांनी हात बाहेर काढले. जांभळी बोटं पाहून मला हसावं की माझ्याच घरातला चोर म्हणून रडावं कळेना. तिच्या आईला मात्र कळलं. ती मागून आली, दोन्ही हात स्वच्छ, आणि ते तिने माझ्या नाकासमोर असे उलटसुलट करून दाखवले की बस.

संध्याकाळी धांदलसमोर दोघे शाळेतल्या पोरांसारखे उभे होते.

“बाबा, तू? अरे, तुला सांगितलं होतं ना मी?”

“पुढच्या रांगेला घालणार एवढंच सांगितलंस. मला वाटलं, घाईत मागची रांग विसरतेस. तू विसरतेस ना गं. म्हणून मी सकाळी, तू गेलीस की…”

“आणि काका, तुम्ही?”

“मी दुपारी,” हे म्हणाले. आमचे हे मुळात कमी बोलतात. लग्नात नाव घ्या म्हटलं तर शेवटी माझंच मला घ्यावं लागलं होतं.

“मी काय एवढी विसरते?”

तेव्हा मग सगळं बाहेर आलं. किल्ली, गॅस, चार्जर, दार. ती एकेकाकडे बघत राहिली. रडते की काय असं वाटलं, पण तिने नाक पुसलं आणि म्हणाली, “आता एक नियम. मी काही विसरले तर तोंडाने सांगायचं. मोठ्याने. माझ्या पाठीमागे गुपचूप कुणीही काहीही करायचं नाही.”

सगळ्यांनी मान डोलावली. ह्यांनी दोनदा.

नवीन बी पेरलं. रोपं वर आली, पुढची रांग पाणी पिऊ लागली आणि मागची खरोखरच वाळायला लागली. ते दिवस ह्यांनी कसे काढले ते माझं मला माहीत. जिन्यात येता-जाता मान भिंतीकडे. पानं कडेने पिवळी पडली त्या दिवशी जेवण गेलं नाही. “एक घोट दिला तर…” म्हणाले. मी नुसतं त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेचा जांभळेपणा अजून पुरता गेला नव्हता. तिकडे धांदल रोज वजन उतरलेलं पाहून खूश. दुसऱ्याच्या मरणावर इतकं हसणारी मुलगी मी पाहिली नव्हती.

सादरीकरणाच्या दिवशी तीन घरांना पुरेल एवढी गडबड त्या एका दारात झाली. ती निघाली ती दोन्ही हातांत एकेक कुंडी घेऊन, एक हिरवी, एक सुकलेली. “येते” म्हणाली आणि खाली धावली. आणि चपलांच्या कपाटावर तिची लॅपटॉपची बॅग तशीच.

तिचे वडील बॅग घेऊन धावायला निघाले आणि मध्येच थांबले. नियम आठवला बिचाऱ्यांना. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. आमचा अबोला अजून सुटला नव्हता, त्यामुळे कोण आधी बोलणार? तेवढ्यात आमच्या ह्यांनी खिडकी उघडली, अर्धे बाहेर वाकले आणि सगळ्या संसारात मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडले:

“ए धांदल! लॅपटॉप!”

रस्ता थांबला. भाजी घेणाऱ्या बायकांनीही वर पाहिलं. धांदल परत आली, धापा टाकत, कुंड्यांसकट.

“काय म्हणालात काका?”

ह्यांनी खिडकी लावून घेतली. एवढ्या वर्षांचा साठा एका दमात संपला होता.

“तूच म्हणालीस तोंडाने सांगा,” मी म्हटलं.

“कधीपासून म्हणता मला असं?”

“तू चालायला लागलीस तेव्हापासून,” तिची आई म्हणाली, “म्हणजे धावायलाच.” आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. अबोला तेवढ्यावर मिटला. धांदलने बॅग गळ्यात अडकवली, आम्हा सगळ्यांवर डोळे वटारले आणि गेली.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली ती नेहमीसारखी धडधडत नव्हती. सावकाश आली. मॅडमना आकडे पटले होते, प्रोजेक्ट पास, संस्थेतली जागा पक्की. पहिल्याच पानावर तिने ‘पाणी न घातल्याबद्दल शेजाऱ्यांचे आभार’ असं लिहिलं होतं, ते वाचून परीक्षक हसले म्हणे, आणि मग प्रश्न जरा प्रेमाने विचारले. हे सांगत सांगत तिने दार उघडलं.

“बाळा,” मी म्हटलं, “किल्ली.”

तिने वळून किल्ली काढली. आणि वळल्यावर तिला हे दिसले. बाकाजवळ, मागच्या रांगेपाशी, हातात काठोकाठ भरलेला मग धरून उभे होते.

“आता घालू का?” ह्यांनी विचारलं.