शालूबाई आणि चौथं प्रॅक्टिकल

अन्याय झाला तो शालूबाई रामटेके यांच्यावर. गेल्या वर्षी आमची प्रात्यक्षिक परीक्षा शनिवारी झाली आणि लगेचच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, कॉम्प्युटर लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघून जायला त्यांना सांगण्यात आलं. वेळ मी अंदाजानं लिहीत नाही. समोरच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ती दिसत होती, आणि तो कॉम्प्युटर शालूबाईंनीच चालू केलेला होता. त्याआधी त्या खोलीत वेळ सांगणारं काहीच चालत नव्हतं, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नाही.

कॉलेजचं नाव घेत नाही. घेतलं तर ती माणसं आधी वकील शोधतील. एवढंच सांगते की आमच्याकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या त्या कॉलेजात, गणिताच्या मुलांसाठी बारा कॉम्प्युटर होते आणि बाराही प्लास्टिकच्या कव्हरखाली होते. दसऱ्याला कव्हर काढून हळदीकुंकू वाहायचं. तपासणीची समिती आली की कव्हर काढून फोटो घ्यायचा. मग पुन्हा झाकायचं. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा एका कीबोर्डची बटणं कुंकवानं चिकटून बसली होती. त्यावर टाइप होत नव्हतं, पूजा मात्र दरवर्षी वेळेवर होत होती.

मग प्रॅक्टिकल कसं व्हायचं? वहीत व्हायचं. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल आणायचं, त्यातला प्रोग्राम उतरवायचा, त्याचं उत्तर उतरवायचं आणि कॉम्प्युटरनं काढला असं दाखवायचा आलेख पेन्सिलनं काढायचा. कॉम्प्युटरनं काढलेला वाटावा म्हणून पट्टीनं चौकटही आखायची. विभागप्रमुख सर त्यावर लाल शाईनं ‘छान’ लिहायचे. अशा कितीतरी ‘छान’ पिढ्या तिथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यातले काही आज शिकवतातही.

शालूबाई या लॅबच्या अटेंडंट. कंत्राटी. दर जूनला नवा आदेश निघाला तर नोकरी, नाही तर घर. शिक्षण बारावी, तेही बाहेरून. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि टेबलाच्या खणात एक इंग्रजी-मराठी शब्दकोश. तो त्यांनी चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानातून घेतला होता आणि त्याचं पुठ्ठ्याचं कव्हर तीन वेळा चिकटवलं होतं. त्या लॅबमध्ये वापरून झिजलेली वस्तू ती एवढीच.

कॉम्प्युटरवर आकडेमोडीचं आणि आलेखाचं सॉफ्टवेअर बसवायला नागपूरहून एक तज्ज्ञ बोलावले होते. ते आले, चहा प्यायले, लाल अक्षरांची एक लांबलचक यादी पडद्यावर आली ती पाहिली, ‘मशीन जुनी आहे’ म्हणाले आणि परतीची गाडी पकडली. सरांना आनंद झाला. मशीन जुनी असली की शिकवायला लागत नाही.

त्या दिवशी कोपऱ्यात उभ्या असलेल्या शालूबाई मात्र लाल अक्षरं वाचत राहिल्या. त्यांची वाचायची रीत मी कधी विसरणार नाही. पेन्सिल अंबाड्यातून काढायची, तिचं टोक पडद्याच्या तळाला शेवटच्या ओळीवर ठेवायचं आणि खालून वर चढत जायचं. एकेक शब्द मोठ्यानं, अडखळत. अडला की शब्दकोश.

“खालून काऊन वाचता, बाई?” मी विचारलं.

“दवाखान्यात जाते तेव्हा आधी काय सांगते तू? आता कुठी दुखते ते. आजाची बिमारी नंतर सांगते ना? हे बी तसंच हाये. शेवटी दुखणं लिवते.” आणि मग ते वाक्य, जे त्यांनी मला पुढे शंभरदा ऐकवलं: “लाल अक्षरं दिसली का लोकं बटन बंद करतेत. अरे, ते बिचारं सांगून राह्यलं ना तुमाले.”

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात इंटरनेट फक्त ऑफिसात, आणि ऑफिस आमच्यासाठी बंद. म्हणून शालूबाई रविवारी एसटीनं चंद्रपूरला जायच्या, नेटच्या दुकानात पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची फुकट मिळणारी भाषा, उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यायच्या. पेन ड्राइव्ह किल्ल्यांच्याच जुडग्यात अडकवलेला असायचा. पहिल्या खेपेला आणलेलं चाललंच नाही. ते नव्या जातीच्या मशीनसाठी होतं, आमच्या मशीन जुन्या बत्तीस बिटच्या. दुसऱ्या खेपेला पायथन बसलं, पण आलेख काढायचं पॅकेज बसेना. ते आकड्यांचं पॅकेज मागत होतं, आणि त्याच्यासोबत आणखी दोन-तीन. मी कंटाळले. त्या वहीत बाण काढत बसल्या, कोणाला कोण लागतं त्याचे.

“यात रागावाले काय हाये? भामरागडले एका गाडीनं पोचते का तू? आधी गडचिरोली, मंग पुढची गाडी. मधली चुकली का बस स्टँडवर.” पुढच्या रविवारी मधल्या सगळ्या गाड्या त्यांनी आणल्या.

तरीही आलेख निघेना. पुन्हा लाल अक्षरं. पेन्सिल खालून वर चढली आणि एका ओळीवर थांबली. त्या ओळीत फोल्डरचा पत्ता होता आणि पत्त्याच्या मध्यावर नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या.

इथे सरांच्या एका पराक्रमाची नोंद करायला हवी. मराठी भाषा दिनाला त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरांवरची लॉग-इनची खाती कॉलेजच्या नावानं, देवनागरीत करून घेतली होती. पेपरात फोटो आला, कॉम्प्युटरला हार, सरांना शाल. मराठीत एक धडा लिहावा, एक प्रोग्राम मराठीत समजावून सांगावा, असलं काही त्यांना कधी सुचलं नाही. खात्याला नाव दिलं आणि कव्हर घातलं. खात्याचं नावच फोल्डरच्या पत्त्यात येतं, आणि ते जुनं सॉफ्टवेअर देवनागरी पत्त्यापाशी येऊन रस्ता हरवत होतं. नागपूरचे तज्ज्ञ इथेच मागे फिरले होते.

“इथी कॉलेजचं नाव पायजे होतं,” शालूबाई म्हणाल्या, “अन इथी चौकटी हायेत. म्हणजे याले आपलं घरच सापडून नाई राह्यलं.” त्यांनी जुन्या खात्याला हात न लावता दुसरं साधं खातं उघडलं, इंग्रजीत lab एवढंच, आणि सगळं तिथे पुन्हा बसवलं. पडद्यावर पांढरी चौकट आली आणि तिच्यात निळी रेघ उमटली.

मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पदरानं पडदा पुसला. “अजून एकदा काढ,” म्हणाल्या. “एकदा त कोणाचं बी निघते.”

पुढच्या आठवड्यात आम्ही नऊ जण रोज दुपारी लॅबमध्ये बसू लागलो. एकेक प्रॅक्टिकल खरोखर करत गेलो आणि चौथ्यावर अडलो. एक्सचा घन उणे एक्स उणे दोन, हे शून्य कुठे होतं ते शोधायचं. आलेखाची रेघ आडव्या अक्षाला जिथे कापते तिथे उत्तर. आमच्या नवांच्याही जर्नलात रेघ अक्षाला तीन ठिकाणी कापत होती. कॉम्प्युटरची रेघ कापत होती एकदाच, दीडच्या थोडं पुढे.

आम्हाला वाटलं कॉम्प्युटर चुकला. तीन वर्षं गणित शिकलेल्या नऊ मुलांना वाटलं कॉम्प्युटर चुकला; वही चुकली असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. शालूबाई म्हणाल्या, “उणे एक ठेवून पाहा. शून्य ठेव. एक ठेव.” ठेवलं. तिन्ही वेळा उत्तर उणे दोन. रेघ अक्षाच्या वर जायचं काही कारणच नव्हतं.

मग त्यांनी कपाट उघडलं. तिथे जुन्या जर्नलांचे गठ्ठे होते, दरवर्षी त्यांनीच सुतळीनं बांधलेले. एकेक गठ्ठा सोडून त्या मागे मागे गेल्या. तीनदा, तीनदा, तीनदा. सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात एका मुलीचं जर्नल होतं, हातानं आकडेमोड करून काढलेलं, आणि त्यात रेघ मुळात एकदाच कापत होती. पण पान फुगलेलं, शाईची रेघ मधेच फुटून अक्षाच्या वर सरकलेली.

“हे मी वाळवलं होतं,” शालूबाई म्हणाल्या. “त्या साली छप्पर गळलं ना. गच्चीवर मांडून वाळवले सारे.” पाण्यानं रेघेला फुगवटा आला. पुढच्या वर्षीच्या मुलानं तो फुगवटा पट्टी-पेन्सिलनं नीट सुबक काढला. त्याच्या पुढच्यानं अजून सुबक. गळक्या छपरानं सोडवलेलं गणित आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं, आणि त्याखाली सर लाल शाईनं ‘छान’ लिहीत होते.

परीक्षेच्या शनिवारी बाहेरचे परीक्षक येणार म्हणून कव्हरं काढली होती. सरांनी आम्हाला बजावलं होतं: लाइट गेली आहे असं सांगायचं. पण शालूबाईंनी सकाळीच एक कॉम्प्युटर चालू करून ठेवला होता. परीक्षकांनी तो पाहिला आणि मला म्हणाले, “चौथं दाखव.” मी दाखवलं. रेघ आली. त्यांनी ‘छान’चा शेरा आधीच पडलेलं माझं जर्नल उघडलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा जर्नलाकडे.

“कॉम्प्युटरमध्ये थोडा फरक येतोच,” सर म्हणाले.

“सर, फरक नाई येत,” दारातून शालूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कसलाही ठसका नव्हता. परीक्षकांना पाणी हवं का विचारावं तशा त्या बोलल्या. “वहीतलं चुकलं हाये. पहिलं जर्नल हाये ना कपाटात, आणू का?”

परीक्षक हसले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. “राहू द्या बाई, जेवायची वेळ झाली,” म्हणाले आणि नवांच्याही जर्नलांवर सह्या करून उठले. आम्हाला पैकीच्या पैकी गुण पडले. तीनदा कापणाऱ्या रेघेला.

सोमवारी सर कागद घेऊनच लॅबमध्ये आले.

“कॉम्प्युटरला हात कोणी लावला?”

आम्ही नऊ जण तिथे होतो. नवांनीही लावला होता.

“मी लावला, सर,” शालूबाई म्हणाल्या.

“तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाई. बंद होता म्हून लावला.”

“अटेंडंटचं काम काय, शालू? झाडू आणि किल्ल्या. तू काय प्रोफेसर आहेस?”

“नाई सर. प्रोफेसर असती त हातच नसता लावला.”

आम्ही जर्नलात तोंडं खुपसून उभे होतो, मीही. सरांनी कागद वाचला: संगणकात अनधिकृत फेरफार, आणि मराठी नावाचं खातं असताना इंग्रजी खातं उघडून भाषेचा अवमान. जूनपासून नवा आदेश निघणार नाही, आणि आजपासून यायची गरज नाही. शालूबाईंनी जुडगा कमरेचा सोडला, त्यातून पेन ड्राइव्ह वेगळा केला आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. “किल्ल्या तुमच्या. हे माझं हाये.” तेव्हा पडद्यावर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी स्टँडपर्यंत त्यांच्यासोबत गेले. गाडी लागली तेव्हा त्यांनी ती बाणांची वही माझ्या हातात दिली.

“तू काऊन नाई बोलली, ते मी इचारत नाई,” म्हणाल्या. “तुहा निकाल लागाचा हाये. पण निकाल लागला का बोलजो. तेव्हा बी नाई बोलली, त मंग इचारीन.”

निकाल लागला. शालूबाई या हंगामात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाच्या रोवण्याला जातात. नवा अटेंडंट नेमलेला आहे. तो कव्हरं फार स्वच्छ ठेवतो. lab नावाचं खातं पुसून टाकलं आहे. चौथं प्रॅक्टिकल पुन्हा पेन्सिलनं सुरू आहे आणि सरांना या वर्षी पुन्हा शाल मिळाली आहे.

शालूबाईंना त्याच जागेवर परत घ्या, एवढं मागणारा अर्ज मी लिहिला आहे. त्याखाली सध्या एकच सही आहे, माझी. उरलेले आठ जण म्हणतात, पाहू. त्यांच्याकडे पाहून झालं, आता तुमच्याकडे वळते. तुम्ही खुणांवरून ओळखलेल्या या कॉलेजात गणित शिकला असाल, तुमची मुलगी, तुमचा भाऊ शिकला असेल, तर घरी माळ्यावर जर्नल असेलच. ते आज काढा. चौथं प्रॅक्टिकल उघडा आणि रेघ आडव्या अक्षाला किती वेळा कापते ते बोट ठेवून मोजा. तीन वेळा कापत असेल तर ते पान लाल ‘छान’सकट फाडा, मागच्या बाजूला आपलं पूर्ण नाव लिहून सही करा आणि माझ्याकडे आणून द्या. मी ते अर्जाला जोडते.