कुलूपरावांनी आणलेलं बाळाचं सामान

आमच्या ह्यांना कार्यशाळेत सगळे कुलूपराव म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ह्यांना ते पक्कं ठाऊक आहे आणि, खोटं कशाला बोलू, मनातून आवडतंही. बसगाड्या दुरुस्त करायची ती मोठी कार्यशाळा, आणि तिथल्या सुट्या भागांचं भांडार गेली चौदा वर्षं ह्यांच्या ताब्यात आहे. लांबलचक पत्र्याची खोली, छतापर्यंत मांडण्या, प्रत्येक खणाला चिठ्ठी. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढं भोक. त्या भोकाच्या आतल्या बाजूला आमचे हे.

त्यांचा एक नियम आहे. जुना भाग जमा केल्याशिवाय नवा मिळणार नाही. एकदा एक ड्रायव्हर बाजूचा आरसा मागायला आला. हे म्हणाले, "जुना आण." तो म्हणाला, "अहो, तो रस्त्यात पडला, चुरा झाला त्याचा." हे म्हणाले, "मग चुरा आण." बिचारा गेला आणि खरंच कागदाच्या पुड्यात काचा गोळा करून घेऊन आला. ही गोष्ट हे अजून कौतुकाने सांगतात. त्या ड्रायव्हरने ह्यांना काय काय शिव्या घातल्या असतील ते मात्र कधी सांगत नाहीत.

घरातही तेच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हटलं, येताना कंगवा आणा. तर म्हणतात, "जुन्याला काय झालं?" दोन दात पडलेला कंगवा मी त्यांच्या हातात आणून ठेवला तेव्हा कुठे स्वारी हलली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बसवते, सगळ्या तऱ्हेची माणसं बघते, पण असा नग दुसरा पाहिला नाही. माणूस वाईट नाही हो. कधी आवाज चढवायचा नाही, कुठलं व्यसन नाही, पगार आणून हातात देणार. पण वैताग आणतो म्हणजे किती आणतो!

मला आठवा लागला तेव्हा मी म्हटलं, आता बाळाचं सामान बघायला हवं. सगळ्यांनी आधीच डोकं पिकवलं होतं. दुकानातली एक म्हणे पाळण्याला मच्छरदाणी हवीच. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणे बाटल्या उकळायचं यंत्र घे. माझी वहिनी फोनवर म्हणे, ढकलगाडी घेतली नाहीस तर पस्तावशील. इमारतीला लिफ्ट नसताना, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्यासारखीने ढकलगाडी घेऊन काय करायचं, ते तिने सांगितलं नाही.

मी शांत बसून माझी यादी केली. झबली, लंगोट, दुपटी, टोपडी, मेणकापड, अंघोळीचा टब, ताप बघायचा थर्मामीटर, नखं कापायची छोटी कात्री. आठ वस्तू. बस्स. आणि नवव्या जागी मी लिहिलं, 'तुम्ही. पंधरा दिवस.'

मी ते गंमत म्हणून लिहिलं नव्हतं. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा भावाकडे असतात, त्यांचंच कुणाला तरी करावं लागतं. सासूबाई आमच्याजवळ राहतात, स्वभावाने सोन्यासारख्या, पण गेल्या वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून मोरीपर्यंत जातात तेच खूप. मी आयुष्यात तान्हं मूल कधी हातात धरलेलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कुणीतरी दोन हात-पाय धड असलेलं माणूस माझ्याजवळ हवं होतं, आणि ते माणूस मला ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी दिसत नव्हतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी. मच्छरदाणी गेली खड्ड्यात.

हे यादी घेऊन बसले. पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि कागदावर रेघा मारल्या. वस्तू, नग, किती दिवस पुरेल, पर्याय काय, असे रकाने. मग एकेका वस्तूपुढे प्रश्न. "याच्यावाचून गाडी उभी राहील का?" भांडारात त्यांनी मालाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. ज्याच्यावाचून बस जागची हलत नाही तो पहिला, ज्याच्यावाचून कुरकुरत का होईना चालते तो दुसरा, आणि शोभेचा तिसरा.

"अहो, बाळ आहे, बस नाही," मी म्हटलं.

"पद्धत तीच," हे म्हणाले.

टोपडी शोभेची ठरली. कात्री कुरकुरत चालण्यातली ठरली. मेणकापड मात्र ह्यांना फारच पसंत पडलं, कारण ते टिकाऊ, धुता येतं आणि त्याला मुदत संपायची तारीख नसते. मी सगळं ऐकून घेतलं. शेवटी नऊ नंबर आला. हे बराच वेळ पेन्सिल दाताखाली धरून बसले. मग पर्यायाच्या रकान्यात लिहिलं, 'आई'. आणि कंसात, 'वरच्या मावशी राखीव'.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "आईंना स्वतःला उठायला आधार लागतो! त्या मला काय आधार देणार?"

पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "अरे, मला धरायला आधी ती लागते. माझं नाव कशाला घालतोस तिथे?"

हे मान वर न करता म्हणाले, "साहेब रजा देत नाहीत. वर्षाची मोजणी येतेय. सगळा माल मोजायचा असतो. मी नसलो तर कोण मोजणार?"

आता साहेबच रजा देत नाहीत म्हटल्यावर ह्यांच्याशी भांडून काय उपयोग! मी साहेबांना मनातल्या मनात शंभर वेळा शिव्या दिल्या. बायको बाळंत होतेय आणि ह्यांना नटबोल्ट मोजायचेत!

त्या रविवारी आम्ही सामान आणायला गेलो. लहान मुलांच्या कपड्यांचं मोठं दुकान, काचेच्या कपाटांत इवलीइवली झबली. मी एक उचललं. तळहातावर मावेल एवढं, पिवळ्या रंगाचं, बांधायच्या नाड्या असलेलं. मला इतकं भरून आलं की काय सांगू. हे तिथे उभ्या असलेल्या बाईंना विचारतात, "हे किती दिवस बसेल?"

"महिना, फार तर दीड महिना," त्या म्हणाल्या.

"आणि नंतर?"

"नंतर काय, मोठं घ्यायचं."

झालं! ह्यांचा चेहराच पडला. पडून राहिलेला माल म्हणजे ह्यांच्या जिवाचा शत्रू. कधी काळी बंद पडलेल्या गाड्यांचे भाग भांडारात तसेच राहिले होते, आणि तपासणीला आलेल्या माणसाने सगळ्यांसमोर ह्यांना झापलं होतं. ते ह्यांच्या इतकं जिव्हारी लागलंय की दीड महिन्यात बाद होणारी वस्तू घ्यायला ह्यांचा हातच पुढे होत नाही. त्या बाईंना म्हणाले, "एक वर्षाच्या मापाचे दाखवा."

"अहो, बाळ जन्मतं तेव्हा एवढंसं असतं," मी ओरडलेच.

"वाढणार ना? मोठा कपडा लहानाला घालता येतो. लहान कपडा मोठ्याला घालता येतो का?"

दुकानातल्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला हसू आलं नाही. माझे पाय सुजले होते, कंबर मोडून आली होती, आणि त्या गर्दीत भांडायचं त्राण नव्हतं. मी स्टुलावर बसले. ह्यांनी वर्षाच्या मापाची बारा झबली, अठरा लंगोट आणि एका माणसाला झोपता येईल एवढं मेणकापड घेतलं. टबच्या बुडाला टिचकी मारून मारून आवाज ऐकला. पिवळं झबलं मी परत कपाटात ठेवलं. उद्या-परवा एकटी येऊन घेईन म्हटलं. तो उद्या-परवा आलाच नाही.

अठरा दिवस आधीच कळा सुरू झाल्या. दुपारी दोन वाजता, चष्म्याच्या दुकानात, मी एका आजोबांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होते तेव्हा. हे मात्र तासाभरात दवाखान्यात हजर झाले, घामाघूम, सदऱ्यावर ग्रीसचा डाग. संध्याकाळी मुलगी झाली. लहानशी, लालबुंद, दोन्ही मुठी आवळलेली. नर्सने विचारलं, "कपडे आणलेत ना?" ह्यांनी अभिमानाने पिशवी पुढे केली. तिने एक झबलं उलगडलं, माझ्या मुलीच्या अंगावर धरलं, तर पाय, पोट, गळा सगळं आत गडप. ती म्हणाली, "हे बाळासाठी आणलंत की बाळाच्या बापासाठी?" सगळा वॉर्ड हसला. मी भिंतीकडे तोंड करून रडले. माझी लेक जगात आली आणि तिला घालायला एक धड कपडा नाही. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या बाळाचं एक झबलं दिलं.

तिसऱ्या दिवशी घरी आलो. कपाटात सगळं मांडून ठेवलेलं होतं, प्रत्येक खणाला चिठ्ठी. 'लंगोट, १८ नग.' 'दुपटी, डावीकडून.' चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला हे बूट घालायला बसले.

"आजच्या दिवस तरी थांबा," मी म्हटलं.

"मोजणी आहे ग. साहेब ऐकत नाहीत. सगळं सामान जागेवर आहे. काही लागलं तर चिठ्ठी वाच." आणि गेले.

त्या दिवसाचं काय सांगू? टाक्यांमुळे मला पलंगावरून उठवत नव्हतं. कपाट चार पावलांवर. चिठ्ठ्या पलंगावरून स्पष्ट वाचता येत होत्या आणि हात पोचत नव्हता. पोरगी रडायला लागली ती थांबेचना. पाजलं, तोंड फिरवते. लंगोट बदलला, तरी रडते. खांद्यावर घेतलं, आणखी रडते. सासूबाई वॉकर ढकलत दारापर्यंत आल्या आणि तिथेच दम लागून खुर्चीत बसल्या. "पोटात दुखत असेल," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाहीतर भूक असेल." मग त्याही डोळे पुसायला लागल्या. वरच्या मावशींना हाक मारली, तर दाराला कुलूप. राखीव माल बाजारात गेला होता.

ह्यांना फोन लावला. लागेना. भांडारात फोन न्यायचा नाही हाही ह्यांचाच नियम. अकरा वाजता मी सरळ कार्यशाळेच्या ऑफिसला फोन केला. नेमका साहेबांनीच उचलला. मी आधीच पेटलेले. म्हटलं, "साहेब, तुम्हाला घरदार आहे की नाही? चार दिवसांची ओली बाळंतीण घरात आहे आणि तुम्ही माणसाला रजा देत नाही?"

मग ते म्हणाले, "वहिनी, अहो, मीच त्यांना दोनदा सांगितलं. महिनाभर घ्या म्हटलं, मोजणी पुढे ढकलू. ते म्हणाले, गरज नाही, घरी सगळी व्यवस्था आहे. त्यांनी अर्जच केला नाही."

मी फोन ठेवला. पोरगी रडत होती. मला वाटतं तासभर मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती थोपटत राहिले. दीड महिना मी त्या भल्या माणसाला शिव्या घालत होते.

सहा वाजता हे आले. हातात पिशवी, तिच्यात आणखी एक मेणकापड. पोरीने नुकता पुन्हा सूर लावला होता. मी विचारलं, "साहेबांनी रजा दिली नाही म्हणालात ना?"

ह्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं आणि माझा चेहरा बघून मिटलं.

"मी फोन केला होता," मी म्हटलं. "का खोटं बोललात? दीड महिना मी एकच गोष्ट मागतेय. एक! मला टब नको होता, मला मेणकापड नको होतं. इतकी नकोशी झालेय का मी? ही पोर नकोशी झालीय?"

"काय बोलतेस भलतंसलतं!" हे एकदम म्हणाले. आणि मग दाराशी तसेच उभे राहिले, बूट न काढता. चौदा वर्षांत जाळीमागून कुणाला 'नाही' म्हणताना ज्यांचा आवाज कधी हलला नसेल, त्यांचा आवाज फाटला. "तिथे मला सगळं माहीत असतं ग. कोण काय मागायला आलाय, कुठल्या खणात आहे, डोळे मिटून काढून देतो. इथे ही रडली की मला काहीसुद्धा कळत नाही. काय द्यायचं हिला? दवाखान्यात पहिल्या दिवशी हातात घेतली ना, तर लगेच नर्सकडे परत दिली. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी होईल. म्हणून मी सामान आणत होतो. सामान तरी मला आणता येतं."

मला दया यायला हवी होती. नाही आली. मी पोरीच्या वर आवाज काढून ओरडले, "मग मला तरी कुठे काय कळतंय?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी आई आहे म्हणजे मला आपोआप सगळं येत असणार, असंच बहुतेक हा माणूस इतके दिवस धरून चालला होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, बूट काढले, हात धुऊन आले आणि पलंगाच्या कडेवर माझ्याशेजारी बसले. मी पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. ती रडतच होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो, आणि ती का रडतेय हे दोघांनाही कळत नव्हतं.