इंडक्शनची पाळी

तिकडे आखातात तेलाचं काहीतरी बिनसलं आणि इकडे जुईनगरला माझा सिलिंडर येईना. एजन्सीला फोन केला की एकच उत्तर, "नंबर लागलाय मॅडम, येईल." भाव वाढला होताच, पण वाढीव भावातही मिळेना. शेवटी ऑफिसातून येताना वाशीला उतरून इंडक्शनची शेगडी घेऊन आले.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे. नवरा नोकरीसाठी कतारला. बाबांना मधुमेह, रोज संध्याकाळी इन्सुलिन. शेगडी आल्यावर त्यांनी फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि एकेका भांड्याला लावून बघितलं. ज्याला चिकटेल तेच चालणार. चाळीस भांड्यांतली तीन चालली. भाकरीचा प्रश्नच मिटला. भाकरी फुगायला जाळ लागतो. साताऱ्याकडचा माणूस, पोळी पुढ्यात घेऊन बराच वेळ बसून राहायचे.

त्याच आठवड्यात आमच्या अख्ख्या बिल्डिंगने इंडक्शन घेतलं. संध्याकाळी सगळ्यांचे कुकर एकदम चढले आणि मीटर रूममधला मेन फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या गावातले इलेक्ट्रिशियन आले, वायरवरून हात फिरवून म्हणाले, "ताई, ही वायर जुनी हाय. एवरा लोड तिला झेपनार नाय."

नवी केबल टाकायची तर अर्ज, मंजुरी, वर्गणी. तोवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी वेळापत्रक लावलं. पहिला मजला, म्हणजे त्यांचा स्वतःचा, सात ते आठ, दुसरा आठ ते नऊ, आम्ही तिसरे, नऊनंतर. मी खाली जाऊन त्यांना सांगितलं, "भाऊ, बाबांचं इन्सुलिन आहे. त्यांना आठला जेवावं लागतं."

"वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली की दहा येतात."

मग मी त्या आठवड्यात ऑफिसातून लवकर निघून सातच्या आत स्वयंपाक उरकू लागले. साहेबांची बोलणी खाल्ली. गुरुवारी गाडी सानपाड्याला अडकली आणि मी साडेआठला घरी पोचले. बाबांनी इंजेक्शन नेहमीप्रमाणे घेऊन टाकलं होतं. नियम मोडून मी खिचडी लावली. पाच मिनिटांत लाइट गेली.

अंधारात बाबा म्हणाले, "मला जरा कसंतरी होतंय." हात लावला तर शर्ट घामाने भिजलेला, बोटं थरथरत होती. मी चाचपडत साखरेचा डबा शोधला, पाण्यात ढवळून त्यांच्या तोंडाला लावला. तेवढ्यात सेक्रेटरी टॉर्च घेऊन दारात. कुणी नियम मोडला ते बघायला आले होते. बाबांना बघितलं आणि टॉर्च माझ्या हातात देऊन खाली पळाले. परत आले ते गरम वरणभात घेऊन.

बाबांनी चार घास खाल्ले, थरथर थांबली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"लाइट नाही, मग हा भात कशावर झाला?"

"गॅसवर," सेक्रेटरी म्हणाले. "सिलिंडर आला ना परवा."

"म्हणजे सात ते आठची वेळ तुम्हाला लागतच नाही?"

ते म्हणाले, "उद्यापासून तुम्ही घ्या." जणू मोठी कृपाच. परवा का नाही सुचलं, हे विचारायचं मी गिळलं, कारण बाबा शेवटचा घास मटकावत होते आणि ताट सेक्रेटरींच्याच घरचं होतं.

पुढे माझाही सिलिंडर आला. त्या दिवशी बाबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, मी एक करपवली. आता गॅस फक्त भाकरीपुरता पेटवते, बाकी सगळं इंडक्शनवर, सात ते आठमध्ये. केबलचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. मध्यंतरी वीज कंपनीच्या ऑफिसात विचारायला गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, फाइल वर गेली आहे. किती वर, ते त्यालाही माहीत नव्हतं.