गोधडीचं पोट

२० नोव्हेंबर १९८१. काम: सासऱ्यांच्या जुन्या धोतरांचे काठ उसवणं.

गोधडीला धोतर घ्यायचं तर काठ आधी काढावा लागतो. कापड विरून सायीसारखं झालं तरी काठ आपला ताठच असतो. तो आत राहिला की गोधडीत वळ येतो, आणि तान्ह्या बाळाच्या पाठीला नेमका तोच सापडतो. म्हणून मी छतावर चटई टाकून ब्लेड घेऊन बसले होते. आमच्या घरी गच्चीला छतच म्हणतात आणि बादलीला बाल्टी. काही पिढ्या काशीत काढल्यावर घरातल्या मराठीत असे पुष्कळ शब्द येऊन राहिले आहेत. मी नागपूरहून लग्न होऊन आले तेव्हा हसायचे. नंतर मीही तसंच बोलू लागले.

सासरे दुर्गाघाटाजवळच्या एका पाठशाळेत वेद शिकवायचे. ऐंशीच्या घरात पोचून, कुणाकडून फारशी सेवा न घेता गेले. पोथ्या पाठशाळेत गेल्या, चष्मा कुणाच्या उपयोगाचा नव्हता, आणि धोतरांचं गाठोडं सासूबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. रोज गंगेत धुतलेलं पांढरं कापड पांढरं राहत नाही. त्याचा रंग ताकासारखा होत जातो, आणि फार जुनं झालं तर घाटावर सुकलेल्या गाळासारखा. गाठोड्यात या सगळ्या छटा होत्या. डाग नव्हते, कारण सासरे जेवायला सोवळं नेसत.

ते गाठोडं तीन वर्षांनी खाली उतरलं ते नणंदेसाठी. त्या जबलपूरला दिलेल्या, आणि बाळंतपणाला आमच्याकडे आलेल्या. हे त्यांचं दुसरं. पहिलं बाळ सासरीच झालं आणि जन्मलं तसंच गेलं. तिथे आधीच नवी कोरी दुपटी आणि सॅटिनची दुलई आणून ठेवली होती. सासूबाईंच्या मते तिथेच चुकलं. तान्ह्या बाळाला नवं कापड घालायचं नसतं, भरल्या आयुष्याने गेलेल्या माणसाचं जुनं घालायचं, म्हणजे ते आयुष्य बाळाला लागतं. माझ्या मते डॉक्टरीण उशिरा आली. पण कुणी माझं मत विचारलं नव्हतं, आणि जुनं कापड मऊ असतं हे तर खरंच होतं.

वन्संनी मात्र आईचं म्हणणं मनात पक्कं धरलं होतं. बाळ या वेळी आजोबांच्या कपड्यात निजणार, मग त्याला काही होणार नाही. त्यांचं खाणं आणि झोप सगळं त्या गोधडीवर चाललं होतं. मी काठ उसवू लागले त्या दिवसापासून त्या दोन वेळा नीट जेवू लागल्या. त्यामुळे मीही कुरकुर न करता सुई धरली. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. संध्याकाळी वह्या तपासायच्या त्या वेळात गोधडी शिवली.

कापड सोड्याच्या पाण्यात उकळलं, रिठ्याने धुतलं, वाळवलं. मग खोलीत अंथरून थरावर थर घातले, चारी कोपऱ्यांवर वरवंटा आणि पितळेचे तांबे ठेवले, आणि मोठ्या टाक्यांनी टाचून घेतलं. आमच्या समोरच्या गल्लीत राहणारी भौजी, म्हणजे दूधवाल्याची बायको, एकदा बघायला आली आणि म्हणाली, "सीधे-सीधे सी डालो ना, बहूजी. गोल-गोल काहे घूम रही हो?" इकडची कथरी, म्हणजे इथली गोधडी, उभ्या सरळ ओळींनी शिवतात. सासूबाईंना ते सहन होत नसे. त्यांचं माहेर वाईकडचं. तिथल्या रीतीने दोरा कडेकडेने चौफेर फिरवत आत आत न्यायचा, आणि मधोमध मुठीएवढी जागा शेवटपर्यंत उघडी ठेवायची. ते गोधडीचं पोट. ते रिकामं बंद करायचं नाही.

डिसेंबर लागता लागता मी त्या पोटापर्यंत पोचले. सासूबाई स्वयंपाकघरातून पोळीचा चतकोर घेऊन आल्या. त्याला तूप लावलेलं होतं आणि वर गुळाचा खडा होता.

"आई, हे आत घालायचं? मुंग्या लागतील."

"तुमच्याकडे गोधडी उपाशीच शिवत असतील."

"आमच्याकडे गाद्या होत्या."

"म्हणूनच."

"बरं, पोळी घाला. निदान तूप नको."

"जावयाच्या पानात कोरडी पोळी वाढशील का? मग नातवाच्या गोधडीत कोरडी कशी घालू?"

"गोधडी जेवत नाही, आई."

"उपाशी गोधडी बाळाची झोप खाते. तू शिव."

वन्सं पाटावर बसून लोकर गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "घालू द्या ना, वहिनी. तुमचं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. मी तांदळाचे चार दाणे सुचवून पाहिले, ते कुणी ऐकले नाहीत. मग मी पोळी आत ठेवून वरून टाके घातले. सासूबाईंनी स्वतःच्या मुलांच्या गोधड्यांतही हेच केलं होतं, पण तेव्हा बाजरीच्या वाळक्या भाकरीचा तुकडा असे. हे नातवंड नवसाचं, म्हणून तूप आणि गूळ. या फरकाचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही.

पुढच्या रविवारी गोधडीला ऊन द्यायला छतावर नेली. काशीत छतावर लोखंडी जाळी असते, माकडांसाठी. म्हणजे माकडं बाहेर आणि माणसं आत. पण डिसेंबरात जाळीच्या आत धड ऊन येत नाही, म्हणून गोधडी बाहेरच्या कठड्यावर टाकली आणि सासूबाई काठी घेऊन शेजारी बसल्या. वन्सं त्यांच्याजवळ चटईवर पडल्या होत्या. मी खाली भाजी फोडणीला टाकत होते.

सासूबाई बसल्या बसल्या जप करतात आणि जप करताना डोळे मिटतात. हे आम्हाला ठाऊक होतं, आणि बहुधा माकडांनाही.

वन्संची किंकाळी ऐकून मी गॅस बंद करून वर धावले. एक थोराड माकड गोधडी काखेत मारून समोरच्या छपरावर पोचलं होतं. सासूबाई काठी हलवत होत्या आणि त्याला मराठीत शिव्या देत होत्या. भौजी तिच्या छतावर आली.

"अरे अम्माजी, लाठी नीचे करो! चना दिखाओ, चना!"

काशीची ही ठरलेली रीत आहे. माकडाने चष्मा नेला, चप्पल नेली, साडी नेली, की खायला फेकायचं. ते वस्तू सोडून देतं. मी मूठभर चणे फेकले. माकडाने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गोधडी हुंगली. मी केळं फेकलं. ते दुसऱ्या माकडाने उचललं. आमचं माकड गोधडी मांडीवर घेऊन नीट बसलं आणि मधोमध नखांनी टाके उकरू लागलं.

"इसको केला भी नहीं चाहिए," भौजी म्हणाली. "बहूजी, भीतर क्या भरा है?"

"रोटी."

"रजाई में रोटी?"

"घी लगाकर."

भौजी कठडा धरून हसत सुटली. "तुम दक्खिनी लोग भी ना! न्योता देकर बुलाया है, अब लाठी काहे दिखाती हो?"

तोवर टाके तुटले होते. माकडाने चतकोर काढला, गूळ आधी खाल्ला, मग पोळी खाल्ली, आणि गोधडी झटकून टाकून दिली. ती खाली दुधाच्या दुकानाच्या पत्र्यावर पडली. भौजीच्या नवऱ्याने बांबूने ओढून काढून आणून दिली. वरचे दोन-तीन थर मधोमध फाटले होते, भोक तळहाताएवढं. खालचे थर शाबूत होते. पत्र्यावरची काजळी एका कोपऱ्याला लागली होती, ती धुऊन गेली असती.

मी हे सगळं वन्संना सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या होत्या, हात पोटावर.

"त्याने पोटच फाडलं, वहिनी."

"गोधडीचं."

"तेच म्हणतेय मी."

भौजी खालून ओरडली, "बहिनी, हनुमानजी ने भोग लगाया है, शुभ है!" वन्संनी मान वर केली नाही. त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. चहा घेतला नाही. आठवा महिना चालू होता आणि डॉक्टरीणबाईंनी आधीच रक्त कमी असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे मला माकडापेक्षा या उपासाची काळजी जास्त होती. त्यांनी एकच वाक्य दोनदा म्हटलं, की ती गोधडी आता बाळाला नको, गंगेत सोडून द्या.

सासूबाई त्यांच्याजवळ बसल्या. "अगं, माकड ते. त्याला काय कळतंय?" पण आवाजात जोर नव्हता. कापडाला आयुष्य लागतं, गोधडीला भूक असते, हे लेकीला लहानपणापासून त्यांनीच सांगितलेलं. आता त्यातलं अर्धं खरं आणि अर्धं खोटं कसं म्हणणार?

दिवेलागणीला मी गोधडी मधल्या खोलीत अंथरली. पंचगंगा घाटावरून आरतीची घंटा ऐकू येत होती. मी म्हटलं, "गंगेत सोडायची गरज नाही. वरून ठिगळ लावलं की झालं. प्रश्न एवढाच आहे की कापड काय लावायचं."

धोतरं संपली होती. माझ्या साड्या टेरिकॉटच्या. ह्यांचे शर्टही तसलेच, रेल्वेच्या कारखान्यात तेच टिकतात. चादरी होत्या, पण खरखरीत. त्या धोतरांइतकं मऊ आणि त्याच रंगाचं कापड घरात एकच होतं. सासूबाईंची बिनकाठाची जुनी लुगडी, सासरे गेल्यापासून नेसत होत्या ती. मी तसं बोलून दाखवलं.

"माझं नाही," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"का?"

"विचारतेस काय? विधवेचं लुगडं बाळाच्या अंथरुणात घालतात का कुणी?"

"मऊ आहे, आई."

"मऊ असू दे. तुझी एखादी साडी फाड."

"टोचेल."

"मग बाजारातून आण."

यावर वन्सं बोलल्या. दिवसभरात पहिल्यांदाच जरा मोठ्याने. "बाबांचं धोतर चालतं. बाबा तर गेले. तू तर समोर बसलीयस."

"ते वेगळं. ते भरल्या आयुष्याने गेले."

"आणि तुझं आयुष्य काय कमी आहे? पाच मुलं काढलीस, त्यातली चार वाढवलीस."

"तोंड आवर."

"नाही आवरत. आई, कळा सुरू झाल्या की माझा हात कोण धरणार आहे? बाबा? तूच धरणार ना? तेव्हा तुझं लुगडं नसेल का अंगाला लागत? तेव्हा चालेल, आणि गोधडीत नाही चालत?"

वन्संचा मुद्दा बिनचूक होता. त्यांच्याकडून मला तशी अपेक्षा नव्हती. मी वह्या पुढे ओढल्या, कारण अशा वेळी तिसऱ्या माणसाने बोलू नये.

"तुझं लागलं तर मी ठेवीन ती गोधडी," वन्सं म्हणाल्या. "नाहीतर नको."

सासूबाई उठून देवघरात गेल्या. सांजवात लावलेलीच होती. तरी त्या बराच वेळ तिथे बसल्या. आम्ही जेवलो. वन्संनी दूध अर्धं घेतलं, अर्धं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई रोजच्यासारख्या घाटावरून आंघोळ करून आल्या. ओलं लुगडं दोरीवर टाकलं, त्याला काठीने आधार दिला. मग आपल्या खोलीतून एक घडी आणून माझ्या पुढ्यात, ओट्यावर ठेवली.

"मधला भाग घे," त्या म्हणाल्या. "पदराकडचा नको, तो फार विरलाय. लगेच फाटेल."

"बरं."

"आणि टाके बारीक घाल. आधी घातलेस ते मोठे होते."

मी हो म्हटलं. टाके मोठे नव्हते, पण तो वाद घालायला वेळ नव्हता. वन्सं स्वयंपाकघराच्या दारात पाटावर चुडा-मटरची, म्हणजे मटार घातलेल्या पोह्यांची, बशी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी घडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि आणखी थोडे मटार वाढायला सांगितले.

मी वाढले. मग कात्री घेतली, लुगड्याच्या मधला हातभर तुकडा कापला, पातेल्यात सोडा घालून उकळायला टाकला, तो कधी उतरवायचा ते सासूबाईंना सांगितलं, आणि शाळेला निघाले.